रीडिंग

सोमवार आणि गुरुवार, सव्वाअकरा.
हेमांगी गमरे चार जिने चढून येते,
दारात चपला काढते, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघते.
वीस मिनिटं. एकशेवीस रुपये.
(मिनिटाला सहा, हा हिशेब मी पहिल्याच दिवशी केला.)

ती आत आली की शालन बाहेर.
मला वाटायचं, भाजीला जात असेल.
पिशवी तर नेत नाही.
परवा ड्रेसिंगला खुर्ची खिडकीशी घेतली, तेव्हा दिसली:
खाली, पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर
नुसती बसलेली, पाय हलवत,
शाळा बुडवलेल्या मुलीसारखी.
एकशेवीस रुपयांत काय काय येतं, तेव्हा कळलं.

एकतीस वर्षं मी विजेचे मीटर वाचले.
जिन्याखालच्या काळोखात,
बॅटरी दातांत, वही पोटाशी.
घरात कुणी बोलावलं नाही, मीही गेलो नाही.
आकडेच सांगायचे:
इथे फ्रिज आला, इथली माणसं गावी गेली,
इथे कुणी रात्रभर जागतंय.
टागोर नगरात एका खोलीचे युनिट महिन्यात चौपट झाले.
चोरीचा संशय. वर गेलो, दार वाजवलं.
आत प्राणवायूचं यंत्र घरघरत होतं
आणि शेजारी एक बाई गहू निवडत बसलेली.
'साहेब, हे बंद नाही करता येत,' म्हणाली.
तिला वाटलं, मी बंद करायलाच आलोय.
मी आकडा लिहिला, खाली उतरलो.
दोन मिनिटं लागली असतील.
काय झालंय त्यांना, एवढंही विचारलं नाही.

आता मला कुणी वाचतं.
उपाशीपोटी एकशे अठ्ठेचाळीस.
दाब एकशे चाळीस, नव्वद.
'काका, वरण-भाताखेरीज काय खाल्लंत, खरं सांगा.'
बोटाला सुई टोचते ते कळतं.
तळव्याचं काहीच कळत नाही.
तळवा माझाच, पण दूरगावी राहणाऱ्या
अबोल्यातल्या भावासारखा,
त्याची खबर दुसऱ्या कुणी आणावी लागते.
ती आणते.
पट्टी सोडते, वाकून, नाक न मुरडता:
'रुपयाएवढी होती, आता आठ आणे.
चार आणे झाली की मी चहा घेईन.'
एरवी घेत नाही. पुढे एकशे सात नंबरला
तोडणकर आजींची पाठ पुसायची असते,
मग रूळ ओलांडून पार्कसाइटला कुणाचं तरी इन्सुलिन.

मागच्या गुरुवारी पट्टी बांधता बांधता फोन वाजला.
तिनं ऐकलं, 'बरं' म्हणाली, पुन्हा 'बरं',
फोन पालथा ठेवला.
'तोडणकर आजी गेल्या. पहाटेच.'
पट्टीचं टोक हातात तसंच.
मग ते चिकटवलं, नीट, कडा दाबून.
हात धुतले. 'जरा टेकते हं,' म्हणाली,
आणि बसल्या बसल्या झोपली.

शालन वर आली. मी ओठांवर बोट ठेवलं.
तिनं पंखा तीनवरून दोनवर आणला,
आधण ठेवलं, भांडं वाजेल म्हणून उतरवलं.
दोघं बघत राहिलो:
मनगटावर अडकवलेला रबरबँड, टाचेच्या भेगा,
बॅगेतून डोकावणारा अर्धा पाव.
तिच्या टाचा कोण बघतं, कुणास ठाऊक.

बारा वाजून पाच मिनिटांनी दचकून उठली.
'अगंबाई! किती वेळ झोपले?'

एकतीस वर्षांत
चुकीचं रीडिंग एकदाही दिलं नव्हतं.

'पाचेक मिनिटं,' मी म्हणालो.
शालन भिंतीवरच्या घड्याळासमोर जाऊन उभी राहिली
आणि पदर सारखा करत राहिली.